तोल राखण्याचे शिक्षण
वृद्धांसाठी दूरस्थ व्यायामवर्ग

भिलाई हे नाव पोलादाशी जोडले गेले आहे. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा त्याआधी, १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होता. शिवाय नागपूर आणि भिलाई ही दोन्ही मुंबई–हावडा लोहमार्गावरच आहेत. त्यामुळे कारखाना उभा राहिला तेव्हा मराठी कुटुंबांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नव्हते. कारखान्याबरोबर सेक्टर वसले आणि पुढे १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाचे, म्हणजे ‘हुडको’चे, नाव घेऊन हुडको ही वसाहतही नांदू लागली.

विशीत कारखान्यात रुजू होऊन पहिली भट्टी पेटताना ज्याने पाहिली, तो मनुष्य आज ऐंशी ओलांडून गेलेला असणार. १९८० च्या सुमारास पंचविशीत नोकरीस लागलेलाही आज सत्तरीत आहे. अशा वसाहती त्यांच्या रहिवाशांबरोबरच वृद्ध होत असतात. मुले शिकून पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी जातात. घरात दोन वृद्ध माणसे राहतात, कधी एकच. अशा घरात सर्वांत मोठा अपघात कोणता, असे विचारले तर चोरी किंवा आग ही उत्तरे सुचतील. प्रत्यक्षात तो अपघात फार साधा असतो. तो म्हणजे पडणे.

पडण्याचे परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि साठीपुढील माणसे त्यांत सर्वाधिक असतात. ६५ वर्षांपुढील दर तीन माणसांपैकी जवळजवळ एक वर्षातून एकदा तरी पडतो. भारतात १९५१ नंतर आयुर्मान सतत वाढत गेले आणि २०११ च्या जनगणनेत साठ व त्याहून अधिक वयाच्या माणसांची संख्या १० कोटींच्या वर गेली. तेव्हा हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही.

पडण्याने खुब्याचे हाड मोडले तर मनुष्य अंथरुणास खिळतो. पण हाड न मोडताही नुकसान होते. एकदा पडलेल्या माणसाच्या मनात धास्ती बसते. तो जिना टाळतो, बाजार टाळतो, पुढे अंगणही टाळतो. न वापरलेले स्नायू क्षीण होतात, स्नायू क्षीण झाले की तोल अधिकच बिघडतो, आणि मनुष्य पुन्हा पडतो. भीती, निष्क्रियता, अशक्तता आणि पुन्हा पडणे, असे हे चक्र आहे. ते कोठे तोडावयाचे, हा या लेखाचा विषय होय.

तोल कसा राखला जातो

उभा असलेला मनुष्य स्थिर दिसतो, परंतु तो स्थिर नसतो. त्याचे शरीर सतत किंचित पुढेमागे व डावीउजवीकडे झुलत असते. शरीराचा गुरुत्वमध्य साधारणतः बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या आत असतो. त्यातून खाली सोडलेली काल्पनिक लंबरेषा जोपर्यंत दोन्ही पावलांनी वेढलेल्या जागेत पडते, तोपर्यंत मनुष्य उभा राहतो. ती त्या जागेबाहेर गेली की तो पडू लागतो.

ही रेषा कोठे आहे याची वार्ता मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. पहिले ठिकाण डोळे. दुसरे अंतर्कर्ण: तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे सांगतात व दोन लहान पिशव्यांतील चुन्याचे सूक्ष्म खडे डोके कोणत्या बाजूस कलले ते सांगतात. तिसरे ठिकाण म्हणजे तळपायांची त्वचा, स्नायू आणि सांधे. या तिन्ही वार्ता जुळवून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो. झोक लहान असला तर घोट्याचे स्नायू तो सावरतात, मोठा असला तर कंबर वाकते, आणि त्याहूनही मोठा असला तर मनुष्य झटकन पाऊल टाकून आधाराची जागाच वाढवितो.

वार्धक्यात ही साखळी अनेक ठिकाणी सैल होते. डोळ्यांत मोतीबिंदू येतो. मधुमेहाने तळपायांची संवेदना मंदावते. मांड्या व पोटऱ्या यांचे बळ घटते. झोपेची किंवा रक्तदाबाची काही औषधे मेंदूचा वेग कमी करतात किंवा उठताना घेरी आणतात. म्हणून मनुष्य पडतो तेव्हा ‘पाय घसरला’ हे उत्तर अपुरे असते. पाय तरुणाचाही घसरतो. तरुण सावरतो, वृद्ध सावरत नाही, एवढाच भेद.

व्यायामाने काय साधते

२० व्या शतकाच्या अखेरपर्यंत पडणे हे वार्धक्याचे अटळ फळ आहे असे पुष्कळांस वाटत असे. १९९७ साली न्यूझीलंडमधील डनेडिन शहरातील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐंशी व त्याहून अधिक वयाच्या २३३ स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पायांचे बळ व तोल वाढविणारे व्यायाम घरी शिकविले; दुसऱ्या गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा व भेटीगाठी एवढेच मिळाले. वर्षभरात दुसऱ्या गटात १५२ वेळा पडण्याच्या घटना घडल्या. व्यायाम करणाऱ्या गटात त्या ८८ होत्या.

त्यानंतर जगभर असे अनेक प्रयोग झाले. २०१९ साली १०८ प्रयोगांचा व २३ हजारांहून अधिक माणसांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा: व्यायाम न करणाऱ्या १,००० वृद्धांत वर्षाला ८५० वेळा पडणे घडत असेल, तर व्यायाम करणाऱ्या तितक्याच वृद्धांत ते सुमारे १९५ ने कमी होते. ही घट २३ टक्क्यांची आहे. तोलाच्या व्यायामास बळ वाढविणाऱ्या व्यायामाची जोड दिली तर ती ३४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असेही त्यात आढळले.

परंतु या आढाव्यातील दुसरी गोष्ट अधिक शिकण्याजोगी आहे. कोणताही व्यायाम चालत नाही. नुसते चालण्याने किंवा नुसते वजन उचलण्याने पडणे कमी होते, असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. पाय जुळवून उभे राहणे, एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे, वळणे, पायरी चढणे, अशा तोलाला कसोटीस लावणाऱ्या हालचालींनीच तो सुधारतो. ज्याने पोहणे शिकावयाचे त्याने पाण्यात उतरले पाहिजे, तसेच हे आहे. तोल थोडा धोक्यात घातल्यावाचून तोल वाढत नाही.

येथेच शिक्षकाचे काम सुरू होते. तो शेजारी उभा राहतो; वृद्धाचा हात सुटला तरी शिक्षकाचा हात वीतभर अंतरावर असतो. म्हणूनच धोका पत्करता येतो.

अंतराचा प्रश्न

हाड मोडल्यावर भिलाईच्या रहिवाशास सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र गाठता येते. ते एकदाचे जाणे असते. व्यायामाचे तसे नाही. तो आठवड्यातून दोनतीन वेळा, महिनोन्‌महिने करावयाचा असतो. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईने एवढ्या वेळा रिक्षा करून भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जावे, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. आणि ज्याला पडण्याचा धोका सर्वाधिक, त्यालाच घराबाहेर पडणे सर्वाधिक कठीण असते.

अंतर तोडण्याचा विचार नवा नाही. ओटागोच्या प्रयोगातही शिक्षिका प्रथम दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली आणि पुढे दूरध्वनीवरून चौकशी करीत राहिली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशात टाळेबंदी लागू झाली, त्याच महिन्यात भारत सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि ‘वैद्य एका ठिकाणी, रोगी दुसऱ्या ठिकाणी’ ही रीत सामान्य घरांपर्यंत पोहोचली. आजी-आजोबांना मोबाईलवर नातवंडांचे चेहरे पाहण्याची सवय झाली. मग त्याच पडद्यावर व्यायामशिक्षक का येऊ नये?

याचे उत्तर शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियात एक मोठा प्रयोग झाला. सिडनीतील सत्तरी गाठलेल्या ५०३ माणसांपैकी निम्म्यांना टॅब्लेटवर चालणारा, तोलाचे व्यायाम पायरीपायरीने अवघड करीत नेणारा ‘स्टँडिंगटॉल’ नावाचा कार्यक्रम देण्यात आला. आठवड्यास दोन तास व्यायाम करावा असा नेम होता. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन गटांतील फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. दोन वर्षांच्या शेवटी मात्र व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी, आणि इजा होण्याजोग्या पडण्याचे २० टक्क्यांनी कमी आढळले.

या आकड्यांतून दोन बोध निघतात. दुरून दिलेला व्यायामही उपयोगी पडतो, हा पहिला. त्याचे फळ सावकाश येते, हा दुसरा. दोन वर्षांच्या शेवटी व्यायाम करणारे सुमारे निम्मेच उरले होते. म्हणजे उपकरण घरात आले तरी चिकाटी उपकरणाबरोबर येत नाही. त्याच कारणाने, नुसती चित्रफीत लावून देण्यापेक्षा ठरलेल्या वारी व वेळी नाव घेऊन हाक मारणारा शिक्षक आणि ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारे सोबती असलेला वर्ग टिकण्याचा संभव अधिक.

शिक्षकाच्या हाताची जागा

दूरस्थ वर्गातील खरी अडचण यंत्राची नाही. पडद्यावरील शिक्षकाला हात पुढे करता येत नाही, ही खरी अडचण आहे. या अडचणीतून सुटण्याचे दोन चुकीचे मार्ग आहेत. एक, भीतीपोटी सर्व व्यायाम खुर्चीत बसून करून घेणे. तसा वर्ग निर्धोक होतो. मात्र त्यात तोलाची कसोटी लागत नसल्याने पडणे टाळण्याच्या कामी तो फारसा येत नाही. दुसरा, समोरासमोरच्या वर्गातील अवघड व्यायाम तसेच्या तसे पडद्यावरून सांगणे. तो उपयोगी असला तरी एकट्या वृद्धाच्या जिवाशी खेळ ठरतो. योग्य मार्ग या दोहोंच्या मधला आहे: शिक्षकाच्या हाताचे काम घरातील वस्तूंना व माणसांना वाटून द्यावयाचे.

समजा, हुडकोतील एका घरी पंचाहत्तर वर्षांच्या आजी आहेत आणि त्यांचा वर्ग नागपूरहून घेतला जातो आहे. पुढील व्यवस्था असली पाहिजे.

पहिली गोष्ट आधाराची. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची ओढली जाते व उलटते. ती वर्ज्य करावी. जड लाकडी खुर्ची पाठीमागून भिंतीला टेकवावी. स्वयंपाकघराचा ओटा त्याहूनही चांगला, कारण तो हलत नाही. मात्र जमीन कोरडी हवी. पायपुसणे, सतरंजी, वायर व लहान पाट तेथून दूर करावेत. पायांत मोजे किंवा सैल सपाता नसाव्यात. साडीचा घोळ घोट्याच्या वर खोचून घ्यावा.

दुसरी गोष्ट दृष्टीची. शिक्षकास आजींचा चेहरा दिसतो व पाय दिसत नाहीत, ही दूरस्थ वर्गातील नेहमीची चूक होय. तोलाचे सारे वर्तमान पावलांत असते. म्हणून मोबाईल हातात न धरता कमरेइतक्या उंचीवर, दोन ते तीन मीटर दूर, आडवा टेकवून ठेवावा. उजेड समोरून यावा. पाठीमागे खिडकी असली तर आजींची नुसती काळी आकृती दिसते. वर्गात माणसे इतकीच घ्यावीत की प्रत्येकाची पावले शिक्षकास पाहता येतील.

तिसरी गोष्ट माणसाची. अवघड व्यायाम सुरू होतील त्या दिवशी घरात दुसरे कोणी असावे: पती, सून, शेजारीण, कोणीही. शिक्षकाजवळ घरचा पत्ता आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. पडदा पाहून ‘आजी पडल्या’ एवढे कळणे पुरेसे नाही. दार कोण उघडील हे आधी ठरले पाहिजे.

चौथी गोष्ट खंडाची. आवाज व चित्र क्षणभर मागे पडतात आणि मधूनच थांबतात. म्हणून सर्वांनी मिळून मोजू नये. शिक्षकाने एकट्याने मोजावे. पहिल्याच दिवशी एक नियम पक्का शिकवावा: चित्र थांबले की हालचाल थांबवावी आणि दोन्ही हातांनी आधार धरावा.

दोन शिड्या

वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षक प्रत्येकाची परीक्षा घेतो. गेल्या वर्षात पडणे झाले काय, उठताना घेरी येते काय, कोणती औषधे चालू आहेत, हे तो विचारतो. वारंवार पडणे, बेशुद्धी, छातीत दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांची तपासणी, मग व्यायाम. पहिली परीक्षा शक्य तर समोरासमोर, घरी जाऊन घ्यावी.

नंतर चार प्रकारे उभे करून तोल पाहतात: पावले शेजारी जुळवून, एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धे पुढे ठेवून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यास लावून, एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक स्थितीत १० सेकंद थांबावयाचे. तिसऱ्या स्थितीत जो १० सेकंद टिकत नाही, त्याला पडण्याचा धोका अधिक आहे असे समजतात.

हीच चार स्थाने पुढे व्यायामाची पहिली शिडी होतात. दुसरी शिडी आधाराची: दोन हात टेकलेले, एक हात टेकलेला, एक बोट टेकलेले, आणि हात ओट्यावर न टेकता वीतभर वर धरलेला. नियम असा की एका वेळी एकाच शिडीवर एक पायरी चढावी. टाच-अंगठा स्थितीत प्रथमच उभे राहावयाचे असेल तर पुन्हा दोन्ही हात टेकावेत. शरीर थोडे डगमगले पाहिजे, परंतु सावरता आले पाहिजे. मुळीच डगमगत नसेल तर व्यायाम सोपा झाला. सावरण्यासाठी पाऊल वारंवार हलवावे लागत असेल तर तो फार अवघड झाला. दुरून पाहणारा शिक्षक पावलांकडे पाहून हीच पारख करीत असतो, आणि तेच त्याचे खरे कौशल्य होय.

याला खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणे व बाजूस पाऊल टाकणे यांची जोड द्यावी. पडल्यावर जमिनीवरून कसे उठावे हेही शिकवावे: घाई न करता कुशीवर वळणे, मग हातांवर व गुडघ्यांवर येणे, मग जवळच्या खुर्चीपर्यंत जाऊन तिच्या आधाराने उठणे. ज्याला उठता येते त्याची धास्ती कमी होते, आणि धास्ती कमी झाली की वर सांगितलेले चक्र तुटू लागते.

व्यायाम हा एकमेव उपाय नव्हे. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा, भिंतीला पक्की दांडी, उंबरठ्यावर ठळक रंगाचा पट्टा, डोळ्यांची तपासणी आणि औषधांचा फेरविचार, हेही करावयाचे असते. परंतु दिवा घरातच उजेड देतो. कमावलेला तोल मनुष्याबरोबर देवळापर्यंत, बाजारापर्यंत आणि मुलाच्या परगावच्या घरापर्यंत जातो.

मुलांचा वाटा

दूरस्थ वर्गात शाळकरी मुलांना करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. मोबाईल योग्य जागी टेकविणे, आवाज मोठा करणे, खुर्ची हलत नाही हे पाहणे आणि वर्ग संपेपर्यंत हाकेच्या अंतरावर राहणे, ही कामे दहा-बारा वर्षांचे मूल करू शकते. परगावी असलेले नातवंडही ठरलेल्या वेळी दूरध्वनी करून ‘आजी, आज वर्ग आहे ना?’ असे विचारू शकते. ऑस्ट्रेलियातील प्रयोगाने दाखविले की फळ दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दिसते; तोपर्यंत वर्ग न सुटावा यासाठी असा एक प्रश्न मोलाचा ठरतो.

एक प्रयोग

भिंतीजवळ दोन्ही पावले जुळवून उभे राहा. सोबत्याने जवळ उभे राहावे. ३० सेकंद डोळे उघडे ठेवून शरीर किती झुलते ते सोबत्याने पाहावे. मग डोळे मिटून तेच करावे. झोक वाढलेला दिसेल, कारण मेंदूकडे येणाऱ्या तीन वार्तांपैकी एक बंद झाली. डोळे मिटण्याचा हा प्रयोग वृद्धांकडून करवून घेऊ नये.

विचारासाठी प्रश्न

१. तोलाची वार्ता मेंदूला कोणकोणत्या ठिकाणांहून मिळते?
२. केवळ खुर्चीत बसून केलेला व्यायाम पडणे टाळण्यास अपुरा का ठरतो?
३. आपल्या घरात शिक्षकाच्या हाताची जागा घेऊ शकेल अशी न हलणारी वस्तू कोणती? ती का निवडली?
४. १,००० वृद्धांत वर्षाला ८५० वेळा पडणे घडते. ते २३ टक्क्यांनी कमी झाल्यास किती वेळा घडेल?